पायधुणीला उतरणारी भाजी

आमच्या शेजारच्या मामांना मी आधी ऐकलं आणि पुष्कळ दिवसांनी पाहिलं. लग्न होऊन लालबागच्या चाळीत आले तेव्हा मान वर करून कुणाकडे बघायची माझी हिंमत नव्हती. नळावर जाताना पायाखालच्या लाद्या बघायच्या, येताना घागरीतलं पाणी बघायचं. पण मामांच्या आणि आमच्या खोलीच्या मधे भिंत म्हणून नुसत्या फळ्या होत्या. डोळ्यांवर पदर ओढता येतो, कानांवर ओढून काय उपयोग?

पहिल्याच सकाळी, हे पहिल्या पाळीला गिरणीत गेल्यावर, फळीपलीकडून घंटा वाजली. टण टण. आणि भरदार आवाज आला, "दादर टीटी! उतरणाऱ्याला आधी उतरू द्या. ओ पगडीवाले, पाय आत घ्या. आत जागा आहे, पुढे सरका."

मी घाबरून कडीच लावून घेतली. एवढ्या माणसांना ही एक खोली पुरते कशी, या विचारात माझा भात करपला. मधेच "परळ! परळ पोयबावडी!" असा पुकारा झाला आणि एका म्हातारीला चढायला हात दिल्याचं ऐकू आलं. मग लालबाग, चिंचपोकळी, भायखळा. पायधुणी आल्यावर घंटेचा एकच टोला पडला, फोडणीचा चर्र आवाज झाला आणि सगळं शांत.

संध्याकाळी हे आल्यावर मी हळूच विचारलं, "शेजारी कोण राहतात?"

"मामा."

"आणखी?"

"आणखी कोणी नाही. एकटेच आहेत."

"मग सकाळी ती एवढी माणसं कोण होती?"

हे इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाले, "अगं, ती माणसं नव्हती. ती पालकाची भाजी होती."

मामांनी जन्मभर ट्रामवर कंडक्टरची नोकरी केली होती. निवृत्त झाले, पण ट्राम काही त्यांच्या अंगातून उतरली नाही. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. खाणावळीत जेवायला ते तयार नसत. "दुसऱ्याच्या गाडीत बसायची मला सवय नाही," असं म्हणत. मग स्वतःच रांधायचे, आणि रांधायचे काय, तर पालकाची पातळ भाजी. आज पालक, उद्या पालक, दिवाळीतही पालक. समोरच्या खोलीतल्या शेवंताकाकू त्यांना म्हणायच्या, "मामा, कधीतरी मेथी करा, कधी वांगं करा. पोटात हिरवळ उगवेल तुमच्या."

"कंडक्टरने रूट बदलायचा नसतो," एवढंच उत्तर.

भाजी शिजवायला त्यांना घड्याळ लागत नसे. दादर ते पायधुणी हीच त्यांची वेळ. रात्री भिजत घातलेली हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे दादरला चढायचे. डाळ जड उतारू, तिला बसायला वेळ लागतो. परळला मासळीची पाटी घेऊन एक म्हातारी चढायची. ही खरोखरची म्हातारी, मामांच्या नोकरीत रोज गाडीला असायची. आधी एक पाय, मग पाटी, मग दुसरा पाय, मग देवाचं नाव. ती नीट टेकेपर्यंत मामा सुटायची घंटा देत नसत, आणि तेवढ्यात डाळ बोटाने दबण्याइतकी शिजायची. लालबागला झाकण काढून चिरलेला पालक आत. "आता गर्दी दिसतेय, पण सगळे बसतील बघा," असं ते पातेल्याला सांगायचे, आणि खरंच पातेलंभर पालक बघता बघता खाली बसायचा. तिथून पुढे झाकण नाही. खिडक्या उघड्या ठेवल्या की उतारूंचा रंग जात नाही, हे त्यांचं शास्त्र. चिंचपोकळीला हळद-मीठ, भायखळ्याला रवीने घोटून डाळीचं पीठ, भेंडीबाजाराला चिंच आणि गुळाचा खडा. पायधुणीला पातेलं खाली, वर लसूण आणि लाल मिरचीची फोडणी. त्या फोडणीला ते 'इन्स्पेक्टर' म्हणायचे, कारण ती आली की सगळी गाडी चूप.

गाडीचा शेवटचा थांबा बोरीबंदर, पण पायधुणीच्या पुढे भाजी न्यायची नाही. "बोरीबंदरला पोचलेली भाजी म्हणजे खळ. ती गिरणीत न्या आणि सुताला लावा."

आमच्या कोकणात तेव्हा पालक कोणी खात नव्हतं. टाकळा, माठ, शेवग्याचा पाला, हे आमचं. पालक मी मुंबईतच पहिल्यांदा हातात घेतला, आणि तो करायला मला कोणी शिकवलं नाही. यांना ती भाजी आवडते असं कळल्यावर मी एका सकाळी आमच्या स्टोवर डाळ चढवली आणि फळीला कान लावून उभी राहिले. मामांची गाडी सुटली, तशी माझीही सुटली. त्यांच्या लालबागला माझा पालक, त्यांच्या भायखळ्याला माझी रवी. फक्त शेवटी राहवलं नाही म्हणून मूठभर ओलं खोबरं टाकलं. खोबऱ्याशिवाय भाजी म्हणजे मला कुंकवाशिवाय कपाळ वाटायचं.

तोच पलीकडून आवाज आला, "गाडीत कुणीतरी विनातिकीट चढलंय. वास येतोय."

मी तशीच खाली बसले. मामांनी माझ्या दिशेने बोललेलं ते पहिलं वाक्य. उत्तर द्यायचा प्रश्नच नव्हता. पण खोबरं त्यानंतर मी घातलं नाही.

चाळीत मला 'मुकी' म्हणत. मागून नाही, समोरच. शेवंताकाकू तर नळावर सगळ्यांदेखत म्हणायच्या, "काय गं, आईने जीभ गावीच ठेवून घेतली वाटतं?" मला बोलायचं नसायचं असं नाही. शब्द तोंडापर्यंत यायचे आणि कुणी बघतंय असं वाटलं की परत जायचे. मुंबईत मी पाहुणी आहे, कुणी तरी येईल आणि ऊठ म्हणेल, असं सारखं वाटायचं. ट्रंकसुद्धा मी कॉटखाली सारली नव्हती. दाराजवळच ठेवली होती.

मामा मात्र सगळ्यांशी बोलायचे आणि सगळीकडे ट्रामचंच बोलायचे. नळावर भांडण लागलं की मधे उभे राहून, "एकेक जण, ढकलाढकली नको, मागून दुसरी गाडी येतेय." खाकी कोट उन्हाळ्यातही अंगात, त्याची पितळी बटणं दर रविवारी चिंचेने घासलेली. शेवंताकाकूंच्या सासूबाई गेल्या तेव्हा सगळे रडत होते. मामा कोट घालून आले, नमस्कार केला आणि काकूंना म्हणाले, "ज्याचा थांबा आला त्याने उतरायचं. बसायला जागा मिळाली होती ना त्यांना? मग झालं." काकू रडता रडता हसल्या आणि मग मामांवरच चिडल्या, की मयताच्या घरात हसवलंत म्हणून.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. आमच्या गॅलरीत सकाळ-संध्याकाळ दुसरा विषय नव्हता. मुंबई आपल्याला देत नाहीत म्हणजे काय, असं माणसं एकमेकांनाच दरडावून विचारायची. मामा तर प्रत्येक मोर्चाला पुढे. घोषणा द्यायला तो आवाज चांगला होता. परत आल्यावर शेवंताकाकू म्हणायच्या, "मामा, आज तुमचं 'झालाच पाहिजे' दादरपर्यंत ऐकू गेलं असेल."

"तिकडूनच तर गाडी सुटते," मामा म्हणायचे.

एका हरताळाच्या दिवशी मात्र उलटंच झालं. ट्राम बंद करायला म्हणून मामा स्वतः सकाळपासून नाक्यावर उभे होते. दुपारी जेवायला वर आले. पाठोपाठ चाळीतले चार तरुण आले, दमलेले आणि खुशीत. नाक्यावर एक ट्राम अडवली, काचा फोडल्या, असं सांगायला लागले.

मामांनी हातातला घास खाली ठेवला. गॅलरीत येऊन विचारलं, "कुठल्या नंबरची?"

"नंबर कोण बघतंय मामा?"

"मुंबई मागा की रे. मी पण मागतोय. ट्रामने काय घोडं मारलं होतं?"

मामा खाली गेले, बऱ्याच वेळाने वर आले. हातरुमालात काचेचा एक तुकडा होता. गॅलरीच्या मधोमध उभं राहून त्यांनी जाहीर केलं, "मुंबई महाराष्ट्रात येईपर्यंत माझी गाडी बंद. घंटा नाही, पुकारा नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माणसं तेव्हा चहा सोडायची, चपला सोडायची, त्यातलाच मामांचा हा पण. एकट्या शेवंताकाकूंनी विचारलं, "आणि मामा, जेवणार काय?"

"जेवायचं काय? रोजच्यासारखं जेवीन," मामा म्हणाले.

तिथेच त्यांची चूक झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी फळीपलीकडे स्टो पेटला, पातेलं चढलं, आणि पुढे नुसतीच शांतता. मीही माझं पातेलं घेऊन वाट बघत उभी. शेवटी "च्यायला!" असं आलं आणि करपल्याचा वास आला. त्याच्या दुसऱ्या दिवशी डाळ कच्ची राहिली, ती चावताना कुरुम कुरुम आवाज मला ऐकू येत होता. माझीही तीच गत. हे ताट बघून म्हणाले, "आज भाजीत खडे आहेत का?"

यांनी मामांना आमचं गजराचं घड्याळ नेऊन दिलं. मामांनी ते दोन्ही हातांनी परत केलं. "परळची म्हातारी चढली का नाही, ते घड्याळाला काय कळणार?"

"मग मनातल्या मनात म्हणा, मामा. तुमचा पण मोडणार नाही."

"म्हणून बघितलं रे. मनातल्या मनात गाडी फार जोरात पळते. भायखळ्याला पोचतो तर डाळ अजून दादरलाच."

शेजाऱ्यांनी ताटं झाकून पाठवली, ती तशीच परत आली. फुकटचा प्रवास त्यांनी जन्मभर कुणाला करू दिला नव्हता, स्वतः कसा करतील? भाकरी तेवढी थापायचे, पण भाजीशिवाय तीही अर्धी टाकायचे. "एकटी पाठवायची तिला पोटात?" म्हणायचे. कच्च्या डाळीने पोट धरून बसायचे. खाकी कोट आता खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबायला लागला. पण मोडायची गोष्ट काढली की भडकायचे. शेवंताकाकूंनी देवाची शपथ घातली. यांनी हात जोडले. म्हातारा ऐकेना.

आणि एका सकाळी नळावर रांगेत उभे असतानाच मामा खाली बसले. बसले म्हणजे पायच गेले. बादली घरंगळत माझ्या पायाशी आली. दोघांनी धरून त्यांना वर नेलं. जाताना म्हणत होते, "काही नाही, काही नाही, गाडीला जरा हिसका बसला."

मी बादली भरून त्यांच्या दाराशी ठेवली आणि आमच्या खोलीत आले. पलीकडे मामा कण्हत उठले, स्टोशी खुडबुड केली आणि थांबले. पेटवून तरी काय करणार होते? मुंबई मिळायची तेव्हा मिळेल. तोवर हा माणूस राहतो का, एवढंच मला दिसत होतं.

मी फळीजवळ गेले. तोंड उघडलं, आवाज आला नाही. पदर तोंडाशी धरून पुन्हा प्रयत्न केला.

"दादर टीटी."

मलाच जेमतेम ऐकू आलं. डोळे मिटले आणि होता नव्हता तेवढा जीव गोळा करून ओरडले, "दादर टीटी! उतरणाऱ्याला आधी उतरू द्या!"

नळावरची बडबड थांबली. शेवंताकाकूंचा आवाज आला, "अगं बाई! मुकी बोलली!"

माझे कान तापले होते, पळून जावं तर जायला दुसरी खोली नव्हती. आणि मग फळीपलीकडे स्टोला पंप मारल्याचा आवाज आला. खस खस खस.

आता गाडी सुटली होती, ती थांबवता येईना. मी परळपर्यंत आले, म्हातारीला चढवलं आणि पुढे निघाले, तोच पलीकडून खेकसणं आलं, "म्हातारी इतक्या लवकर चढत नाही! तिची पाटी कुठाय?"

मी मग दबकत म्हणाले, "मामा, तुमचा पण मोडतोय..."

"मी प्रवासी म्हणून बोलतोय. प्रवाशाने तक्रार करू नये असं कुठे आहे?"

मी म्हातारीला खाली उतरवून पुन्हा सावकाश चढवलं. पाटीसकट.

त्या दिवशी पायधुणीला मामांची डाळ शिजली होती. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या खोलीतून पोट भरल्याची ढेकर आली. शेवंताकाकू माझ्या दारात येऊन कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आणि मी इतके दिवस तुझ्या आईला नावं ठेवत होते!"

तेव्हापासून रोज सकाळी गाडी माझ्याकडे आली. ट्राममध्ये मी तोवर एकदाच बसले होते, लग्नानंतर आले त्या दिवशी. मामांचे उतारू मला तोंडपाठ होते, पण एका थांब्यापासून दुसऱ्यापर्यंत इतकं बोलायचं तर ते पुरेनात. मग मी माझे चढवायला लागले. एक नाकात बोलणारा भटजी. कोंबडी पदराखाली लपवून नेणारी बाई, आणि नेमकी चिंचपोकळीला ओरडणारी कोंबडी. आणि एक पोरगी. नवी नवरी, कोपऱ्यात अंग चोरून बसलेली, मांडीवर पत्र्याची ट्रंक. तिला विचारलं, "कुठे उतरणार?" तर खाली मान. ती कशी आली मला माहीत नाही, पण एकदा चढली ती रोज चढायला लागली, आणि कुठे उतरते ते मलाही ठरवता येईना. रोज पायधुणी यायची, भाजी उतरायची, पोरगी गाडीतच.

"तिचं तिकीट कुठलं काढलंय?" पलीकडून मामा विचारायचे.

"अजून काढलं नाही, मामा."

"मग? इन्स्पेक्टर चढला तर?"

"बघू."

मधे माझी थोरली झाली. बाळंतपणाला मी गावी गेले तेव्हा गाडी शेवंताकाकूंनी चालवली. परत आले तर मामा फळीशीच वाट बघत असल्यासारखे. "सूनबाई, आलात का? देवाने ऐकलं. काकू प्रत्येक उतारूशी भांडतात हो. काल म्हातारीला परळलाच खाली उतरवलं, म्हणे, मासळीचा वास येतो. माझी डाळ तशीच राहिली." त्यावर समोरून काकू ओरडल्या, "माझ्या गाडीत बसायचं तर आंघोळ करून बसायचं!"

आता मी नळावर बोलायला लागले होते. फार नाही, पण माझ्या पुढे कुणी घुसलं तर "मागून दुसरी गाडी येतेय" एवढं म्हणण्याइतकं. मामांच्या कोटात पुन्हा माणूस दिसायला लागला.

आणि महाराष्ट्र झाला. मुंबईसकट झाला. त्या सकाळी चाळीला तोरणं लागली होती, खाली सनई वाजत होती, गॅलरीत माणसं एकमेकांच्या तोंडात पेढे कोंबत होती. मामांनी घंटेला बांधलेलं फडकं सोडलं. सगळा मजला त्यांच्या दाराशी जमला. मीही थोरलीला कडेवर घेऊन शेवटी उभी राहिले. मामांनी बटणं घासलेला कोट घातला, स्टो पेटवला, डाळ चढवली, घंटेची दोरी ओढली. टण टण.

"दादर टीटी!"

काय तो आवाज! खालची सनईसुद्धा अडखळली. माणसांनी टाळ्या वाजवल्या. परळ आलं. म्हातारी चढली. एक पाय, पाटी, दुसरा पाय, देवाचं नाव. आणि पुढे मामा थांबले. दोरी हातात, पण ओढेनात.

"काय झालं मामा?" यांनी विचारलं.

"ही म्हातारी झाली," मामा म्हणाले. "पण पुढे? कोंबडीवाली कुठाय? गाडी अगदी रिकामी वाटतेय." आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "सूनबाई, पुढे या."

सगळे वळून बघायला लागले. पूर्वीची मी असते तर तिथेच लादीत गेले असते. लोकांनी वाट करून दिली, मी पुढे गेले. मामांनी दोरी माझ्या हातात दिली आणि स्वतः पाटावर मांडी घालून बसले, प्रवाशासारखे.

"आधी एक सांगा," ते म्हणाले. "ती ट्रंकवाली पोरगी. किती दिवस फिरवताय तिला? आज तरी सांगा, कुठे उतरते?"

पातेल्यात डाळ रटरटत होती. पालक परातीत चिरून तयार होता.

"लालबागला, मामा," मी म्हटलं. "तिची खोली आहे तिथे."

मामांनी मान डोलावली. "मग द्या की टोला. उतरू द्या तिला."

मी दोरी ओढली. पण त्या गडबडीत पालक घालायचा राहिला, पुढे भायखळ्याला आठवण झाली, आणि मग तो शिजेपर्यंत गाडी बोरीबंदरला गेली. खळ झाली अगदी. मजल्यावरच्या सगळ्यांनी बोटं चाटत खाल्ली. मामांनी वाटी पुसून घेतली आणि म्हणाले, "हरकत नाही. प्रवासी म्हणून शेवटच्या थांब्यापर्यंत मी जन्मात एकदा तरी जाणारच होतो."

त्या दुपारी मी ट्रंक कॉटखाली सारली.